कच्च्या लिंबाची जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच खोकं! झाकणावर सोनेरी अक्षरांत ‘शैक्षणिक’. आत एक फळी, तिला भोकं, भोकांत बसणारे ठोकळे — गोल, चौकोन, त्रिकोण. मोठ्या बाईंनी कौतुकाने टेबलावर मांडलं. बालशाळेच्या प्रमुख म्हणून त्या मोठ्या बाई. उंचीने माझ्या खांद्याला लागतात.

मी म्हटलं, हे खेळणं नाही, परीक्षा आहे. एका प्रश्नाला एकच उत्तर, आणि ते उत्तर मुलाच्या आधी ठोकळा कापणाऱ्याला ठाऊक. मूल काय शोधणार — दुसऱ्याने लपवलेली किल्ली? पुढेही बरंच बोलले.

“सभा संपली असेल तर चहा घेऊ या,” त्या म्हणाल्या.

चिडले, पण हसूही आलं. अर्धं आयुष्य व्यासपीठावर गेलं माझं. मुलांच्या मनाविषयी जे हाताला लागलं ते वाचलं आणि सभागृहं दणाणून सोडली. आता ही शाळा म्हणते — बोललात ते करून दाखवा. नव्या खेळघराची साधनं तुम्हीच घडवा. माझ्याच जिभेने माझा कान पकडून दिला.

हो म्हणण्याचं खरं कारण वहीला सांगायला हरकत नाही. मुंगी. माझ्या लेकीची लेक, चौथं सरत आलेलं. तान्ही असताना हृदयाची शस्त्रक्रिया झाली; छातीवर मधोमध उभी रेघ आहे. डॉक्टर आता म्हणतात, सगळं करू द्या, पळू द्या, पडू द्या. लेक ऐकते, मान डोलावते आणि मुलीचा हात सोडत नाही. मोठ्या मिनतवारीने सुटी लागेपर्यंत शाळेत पाठवायला तयार झाली. वर अट — “काही झालं, आई, काहीही, तर त्या दिवसापासून ती घरी.”

तिला या शाळेत टिकवायचंय मला. बाकी सगळं त्यानंतर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं साधन तान्ह्यांच्या खोलीत नेलं. साधी पेटी. वरच्या भोकातून चेंडू टाकायचा. तो दिसेनासा होतो, आत घरंगळतो आणि जरा वेळाने खालच्या खाचेतून बाहेर येतो. एका शिक्षिकेचं रांगतं बाळ पुढ्यात बसवलं.

टाकला. भोकात डोकावलं. काही नाही. चेंडू खालून आला तेव्हा दचकलं. पुन्हा टाकला, पुन्हा भोकात डोळा. असं कितीदा तरी. आणि मग — टाकला, भोकाकडे पाहिलंच नाही. मान खाली, नजर खाचेवर. चेंडू अजून आलेला नव्हता. बाळ वाट पाहत होतं!

दिसत नाही ते असतं का, या प्रश्नावर विद्वानांची हाडं झिजली. मीही त्या वादात कपाटभर पुस्तकं वाचून बसलेय. लाळ गाळत त्याने निकाल दिला. असतं. येईल. थांब.

निरीक्षणाचं टिपण काढायचं होतं. राहूनच गेलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगीचा पहिला आठवडा. वर्गाला बाहेरच्या बाजूने मोठी काच आहे, काचेपलीकडे बाक. लेक त्या बाकावर सकाळपासून बसून असते. कामावर जातच नाही, रजा टाकलीय.

मी आज फक्त मुंगीची नजर पाहिली. रंगाची वाटी दिसली — आधी काचेकडे पाहिलं, मग हात पुढे. झोपाळा दिसला — काचेकडे पाहिलं, हात मागे. आईच्या चेहऱ्यावर जगाचं भाषांतर लिहिलेलं असतं आणि ती ते वाचल्याशिवाय कशालाच शिवत नाही. सगळीच मुलं हे करतात, पुस्तकांत आहे. पण भाषांतरात प्रत्येक पानावर ‘धोका’ असं लिहिलेलं असेल तर?

दुपारी अंगणात पकडापकडी. ढब्बू नावाचा एक गोल मुलगा म्हणाला, “हिला घेऊ या. हिच्यावर राज्य नाही. ही कच्चं लिंबू.”

घेतलं की तिला! जरा दुडदुडली, कुणी पकडलं तरी आउट नाही. गाल लाल झाले होते.

काय शब्द आहे हा! दुबळ्याला बाहेर काढायचं नाही, हरवायचंही नाही. आत घ्यायचं आणि सोडून द्यायचं. कुठल्या शहाण्याने केला हा कायदा? कुणीच नाही — मुलांनी केला. पुढच्या भाषणात हे येणारच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं!

लाकडाची मोठी गोल चकती, सात-आठ मुलं उभी राहतील एवढी. खाली मधोमध कढईच्या बुडासारखा लाकडी फुगवटा. चकती सगळीकडे डुगडुगणार. काठ जमिनीपासून वीतभरही वर नाही, पण टेकला की खालची घंटी वाजते आणि उचलेपर्यंत वाजत राहते. खेळ एवढाच — घंटी वाजू द्यायची नाही. एकट्याने जमणारच नाही. तू कुठे उभा, मी कुठे उभी, हे पाहावंच लागेल. उत्तर एक नाही. मूल बदललं की उत्तर बदलतं.

आणि अगदी मध्ये एक गादी. पक्की ठोकलेली. लहान, भित्रं, आजारातून उठलेलं मूल तिथे बसेल. मध्यावर कितीही वजन टाका, चकती कलत नाही. म्हणजे सगळ्यांत आहे, डुलतंय, पण त्याच्यामुळे घंटी कधीच वाजणार नाही. कच्च्या लिंबाची जागा — लाकडात कोरलेली!

मिस्त्रीकडे गेले. तो कामापेक्षा वाद जास्त करतो, म्हणून आमचं जमतं.

“टेबल डुगडुगतं म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, ताई. आणि तुम्ही मुद्दाम डुगडुगतं मागताय.”

“टेबल नाही ते.”

“मग याला पाय कधी लावायचे?”

“लावायचे नाहीत.”

“तेच म्हणतो. बिनपायाचं टेबल.” चकतीला लाल रंग द्यायचा म्हणून हटून बसलाय. मला लाकडाचाच रंग हवा. वाद उद्यावर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एक मुलगी दोऱ्यात मणी ओवत होती. कुणाशी नाही, स्वतःशीच — “हे नाही. हे मोठं. थांब गं. आता इकडून... हं, गेलं.” ओठ जेमतेम हलत होते. मणी सोपे झाले तशी कुजबुज थांबली. अवघड मणी आला, पुन्हा सुरू.

माणूस बोलायला लागला तो सभेसाठी नाही तर. हाताला धीर द्यायला.

मग मी इतकी वर्षं माइकसमोर काय करतेय? आणि या वहीत काय करतेय?

२४ फेब्रुवारी, सोमवार

चकती आली. लालच आली. मिस्त्री म्हणाला, “उन्हात वाळत ठेवली होती, रंग आपोआप चढला.” भांडायचं सोडून दिलं, मुलांना आवडली.

मी वर्गात काहीच सांगितलं नाही. मोठ्या बाईंना वाटलं सूचना देईन. मी तोंडावर बोट ठेवून कोपऱ्यात बसले. त्या पुटपुटल्या, “तारीख लिहून ठेवायला हवी. बाई गप्प.”

पाच जणं चढली ती सगळी एकाच बाजूला. घंटी. हसली. दुसरीकडे पळाली, घंटी. कितीतरी वेळ नुसती घंटीच. मग ती मणी ओवणारी बडबडी मुलगी ओरडली, “सगळे इकडे नाही! तू तिकडे जा ना!” ढब्बू गेला. चकती हळूच उचलली गेली. एक जण सरकला, दुसरा उलट्या बाजूला सरकला — कुणी सांगितलं नव्हतं. आणि घंटी थांबली.

पाच मुलं श्वास रोखून उभी. स्वतःच्या पायांकडे नव्हती पाहत, एकमेकांच्या पायांकडे पाहत होती. समाज म्हणजे काय यावर मी टाळ्या घेतल्यात. आज पहिल्यांदा तो पाहिला. तीन-चार वर्षांचा होता, कुणाच्या नाकाला शेंबूड होता, आणि मग कुणीतरी शिंकलं आणि तो कोसळला.

डोळे भरून आले. असो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मुंगी गादीवर बसली! आधी काचेकडे पाहिलं. लेकीने बराच वेळ विचार केला आणि मान डोलावली. काठावर मुलं हेलकावे खात होती, मध्ये ती राणीसारखी. काचेपलीकडे लेक हसली. किती दिवसांनी!

घरी जाताना म्हणाली, “आई, ही जागा मस्त केलीस. अशी जागा सगळीकडे असायला हवी.”

आज माझं पाऊल जमिनीवर नाही.

३ मार्च, सोमवार

तोंडात मारल्यासारखं झालंय.

मुंगी गादीवर होती. बाकीची काठावर. ती डावीकडे झुकली. मग उजवीकडे. मग बसल्या बसल्या दोन-तीनदा आपटली. चकतीवर तळहात ठेवून थांबली, जणू नाडी पाहतेय. मग मला हाक मारली.

“आजी, मी इथे नाहीये.”

“आहेस की. अगदी मधोमध.”

“नाहीये. बघ.” पुन्हा आपटली. “ढब्बू हलला की हलतं. मी हलले की काहीच नाही.”

“कारण तू कच्चं लिंबू आहेस ना, राणी. तुला कुणी धरत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “आई सारखी धरते,” म्हणाली, “आणि इथे कुणी धरतच नाही.”

उतरली आणि जाऊन बाटलीतलं पाणी पीत बसली.

४ मार्च, मंगळवार

एकच शब्द. पकडलं तरी ‘धरत नाहीत’. मोजतानाही ‘जमेस धरत नाहीत’. दोन्ही अर्थ जन्मापासून जिभेवर आहेत माझ्या, आणि मी पहिलाच ऐकत आले.

अंगणातलं कच्चं लिंबू निदान पळतं, ओरडतं, कुणाच्या मध्ये येतं. उद्या मोठं होतं आणि म्हणतं, आता मला खरं घ्या. मुलांच्या कायद्यात ती वाट आहे. मी तर तिला खिळ्यांनी ठोकलं! जिथे वजनाला अर्थ नाही नेमकी ती जागा हेरून, वर मऊ गादी घालून.

पण मला याहून मोठं वाटतंय ते दुसरंच. चार वर्षांचंही पुरतं नसलेलं मूल ‘मी आहे’ याचा पुरावा मागतं. आणि पुरावा कोणता? सुख नाही, सुरक्षा नाही, लाडही नाहीत. माझ्यामुळे काहीतरी हललं पाहिजे! तिने प्रयोग केला, दोन्ही बाजूंनी केला, तुलनेला ढब्बूला घेतलं आणि निष्कर्ष काढला. कोणत्या विद्यापीठातून शिकून आली?



६ मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंशी भांडण. मी म्हटलं, गादी उपटा. त्या म्हणाल्या, “मग भित्री मुलं चढणारच नाहीत. तुमची मुंगी चढली ती त्या गादीमुळे. विसरलात?”

“शून्यावर बसवून?”

“शून्यापासूनच मोजतात ना.”

मी बोलतच राहिले, पण खरं तर तिथेच गप्प व्हायला हवं होतं. बाई बरोबर होत्या. मी पण बरोबर होते. अशा वेळी फार राग येतो.

शेवटी खिळे काढले. गादी राहिली, पण मोकळी. कुठेही ओढता येईल.

१० मार्च, सोमवार

मुंगी गादीवर बसली. चाचपून पाहिलं — गादी सरकते. मग ढुंगणाने सरकली, गादीसकट. बोटभर. थांबली. चकती जराशी, केसभर कलली. तिला जाणवलं! तोंड उघडं राहिलं. परत मध्ये आली. चकती सरळ. पुन्हा बाहेर.

कितीदा केलं ते. इतकं ‘मी’. आता एवढं. आता थोडं जास्त. स्वतःचं असणं चमच्याने मोजून घेत होती. बाकीची मुलं कंटाळून उतरली. तिला पत्ता नव्हता.

मी पुस्तकांत वाचलेलं सगळं खरं आहे आणि सगळं अपुरं आहे.

आणखी एक. तेवढ्या वेळात तिने काचेकडे एकदाही पाहिलं नाही. लेकीने ते पाहिलं.

१३ मार्च, गुरुवार

आज मुंगी काठावर. गादी मध्येच टाकून गेली. तोल साधून उभ्या मुलांत ढब्बूसमोर उभी राहिली आणि चकती तिच्या बाजूला कलली. घंटी!

“मुंगीमुळे वाजली!” बडबडी चिडून ओरडली.

ते तोंड कसं लिहू? दोष मिळाल्यावर इतका आनंद झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. सगळ्यांना सांगत सुटली — “माझ्यामुळे वाजली. माझ्यामुळे. विचार हिला.”

१४ मार्च, शुक्रवार

पडली.

काठावर उभं राहून मुद्दाम घंटी वाजवत होती, पाय सटकला, हनुवटी आपटली. ओठ फुटला. रक्त फार नव्हतं, पण पांढऱ्या फ्रॉकवर होतं. डॉक्टरांनी पाहिलं — ओठाला सूज आहे, बाकी काही नाही. छाती अगदी उत्तम.

लेकीने ते ऐकलंच नाही. मुलीला उचललं. दारात म्हणाली, “तू भाषणं कर, आई. माझ्या पोरीवर प्रयोग नकोत.”



१७ मार्च, सोमवार

मुंगी आली नाही. बाक रिकामा.

१८ मार्च, मंगळवार

नाही.

मिस्त्री काठाला रबर लावून गेला. “मी पण पडलोय लहानपणी,” म्हणाला. “म्हणून असे झालात,” मोठ्या बाई म्हणाल्या. एरवी मी हसले असते.

२० मार्च, गुरुवार

लेकीकडे गेले. मनात मुद्दे जुळवून गेले होते — डॉक्टरांचं मत, पुस्तकं, उदाहरणं. चांगलं अर्ध्या तासाचं व्याख्यान झालं असतं.

तिने दार उघडलं आणि मी बोलायच्या आधी म्हणाली, “आई, ऑपरेशननंतर ती काचेपलीकडे होती. नळ्या लावलेल्या. हात लावू देत नव्हते. मी काचेला कपाळ टेकवून उभी असायची. मला वाटायचं मी नजर हटवली की तिचं काळीज थांबेल. थांबलं नाही ना. म्हणजे मी बघत होते म्हणूनच.”

मुद्दे कुठल्या कुठे गेले. मी तिच्या शेजारी खाली बसले. हीसुद्धा तेच म्हणतेय — माझ्यामुळे काहीतरी घडलं पाहिजे. मला जमेस धरलं पाहिजे. आई झाली म्हणून माणसाची ही भूक संपते थोडीच?

मी एवढंच विचारलं, “तू जेवलीस का?” नव्हती जेवली.

मग तिने मला आतल्या खोलीकडे बोट करून दाखवलं. मुंगीने वाटीवर स्टीलचं ताट ठेवलं होतं आणि काठावर बाहुल्या मांडत होती. एक घरंगळली. “ही पडली,” मुंगी कुजबुजली, स्वतःशीच. “काही नाही झालं. पुसायचं. परत चढ.” ओठ अजून सुजलेला होता.

“दिवसभर हेच चाललंय,” लेक म्हणाली. “मला खेळात घेत नाही. म्हणते, तू हात मध्ये घालतेस.”

दोघी दाराशी उभ्या राहून बघत राहिलो. निघताना लेक म्हणाली, “ती चकती मोठ्या माणसाचं वजन पेलते का?”

“मिस्त्री तिच्यावर उभा राहून माझ्याशी भांडलाय,” म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

लेक बाकावर बसली नाही, वर्गात आली. चपला काढल्या आणि काठावर चढून उभी राहिली. घंटी. तिची बाजू जमिनीला टेकली ती टेकलीच. मुलांना खेळ कळला. ढब्बू पलीकडे चढला, बडबडी चढली, आणखी एक जण. हलेना. मुंगी खाली उभी होती. आईकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. मग ढब्बूशेजारी चढली. घंटी थांबली आणि माझी लेक जमिनीवरून वर उचलली गेली.